न झालेलं दुसरं पुष्प

मी एक जुना माइक आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला स्वतःचा आवाज नाही. कोणी बोललं तरच मी बोलतो आणि तो जे बोलेल तेच बोलतो. शहाणा समोर आला तर मी शहाणा, रटाळ आला तर पहिल्या रांगेतले आजोबा घोरू लागेपर्यंत मीही रटाळ. आज मात्र मला माझी गोष्ट सांगायची आहे. खरं तर ती गिल्बर्ट सरांची गोष्ट आहे, पण ती सगळी माझ्यासमोर घडली आणि मला काहीच करता आलं नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याचं छप्पर, लांबच लांब टेबलं आणि त्यांच्यावर वाकून तारा जोडणाऱ्या बायका. हौसाबाई नावाच्या एका बाईने माझ्या पोटात चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं बसवलं, वर जाळी घट्ट केली आणि मला तोंडापाशी धरून 'हॅलो' म्हटलं. कोपऱ्यातल्या खोक्यातून स्वतःचाच आवाज आला तशी ती लाजली आणि पदर तोंडाला लावून हसली. तो कारखाना आता राहिला नाही. त्या जागी काचेची इमारत उभी आहे असं ऐकतो.

कल्याणच्या एका वाचनालयाने मला विकत घेतलं. त्यांची दर हिवाळ्यात व्याख्यानमाला असायची. तुम्ही मुलं व्याख्यानमालेला कशाला जाल म्हणा, म्हणून सांगतो. रोज संध्याकाळी एक व्याख्यान, आणि प्रत्येक व्याख्यानाला 'पुष्प' म्हणायचं. पहिलं पुष्प, दुसरं पुष्प, अशी माळ पुरी व्हायची. त्या माळेतलं प्रत्येक पुष्प माझ्यातून गेलं. कोणी मला टिचक्या मारल्या, कोणी फुंकर घातली, एका कीर्तनकारांनी तर पानाच्या पिचकाऱ्यांनी मला न्हाऊ घातलं. वाचनालयाचे शिपाई भाऊ रोज मला मऊ फडक्याने पुसून ठेवायचे. शेवटच्या रांगेतली माणसं म्हणायची, या माइकमधून कुजबुजसुद्धा ऐकू येते. तेव्हा माझी मान स्टँडवर जरा जास्तच ताठ व्हायची.

पुढे बिनतारी माइक आले. हलके, चकचकीत, हातात घेऊन स्टेजभर फिरता येण्याजोगे. मला कपाटात टाकलं. तिथे माझ्या शेजारी मागच्या वर्षीच्या रांगोळीचे डबे आणि एक फाटका बॅनर होता. गरज सरो नि वैद्य मरो ही म्हण मी कितीतरी वक्त्यांच्या तोंडून सभागृहात पोहोचवली होती. तिचा अर्थ मला कपाटात कळला.

मला बाहेर काढलं ते गिल्बर्ट सरांनी. वयामुळे त्यांचा हात थरथरायचा, हातात माइक धरवत नसे. "मला तो स्टँडवाला जुनाच द्या," असं ते म्हणाले आणि माझं नशीब फळफळलं.

गिल्बर्ट सर ठाण्याचे. त्यांचे पूर्वज खाडीकाठी भातशेती करायचे आणि पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती झाले. सर जन्मभर कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवत होते. त्यांची शिकवण्याची एक खास पद्धत होती, आणि शाळेतली पिढ्यान्‌पिढ्या मुलं तिला सरावलेली होती. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याची बाजू आधी पूर्ण मांडायची, आणि तीही 'तो म्हणतो' असं लांबून नाही, तर 'मी म्हणतो' असं. एक दिवस ते इंग्रज साहेब व्हायचे आणि रेल्वे, टपाल, कायदा यांची अशी वकिली करायचे की मुलं गोंधळून घरी जायची. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबाचे वाभाडे काढायचे. जुन्या पंडितांनी याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हटलंय. सर म्हणायचे, समोरच्याने स्वतः ऐकलं तरी त्याने 'वा' म्हटलं पाहिजे, तरच त्याला उत्तर द्यायचा आपला हक्क.

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती, रुकय्या. कल्याणच्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला, मुबीनला, तिनेच वाढवलं. मुबीन डिप्लोमा करून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला लागला होता. मुलगा हुशार, मनाने सरळ. पण ठाण्यात भाड्याची खोली बघायला गेला की आडनाव ऐकून लोक म्हणायचे, खोली कालच गेली. कंपनीत जेवताना त्याच्या नावावरून विनोद व्हायचे आणि त्याने हसावं अशी अपेक्षाही असायची. तो हसायचा. घरी येऊन मात्र कानाला फोन लावून कुणाकुणाची भाषणं ऐकत बसायचा. त्यात एकच पालुपद असायचं, की आपलं राज्य नाही म्हणून आपली ही दशा आहे. आता तो नोकरी सोडून त्या भाषणवाल्यांच्या संघटनेत पूर्णवेळ जायचं म्हणत होता.

रुकय्या एका दुपारी सभागृहात आली. सर भाऊंबरोबर स्टँडची उंची लावून बघत होते, म्हणून तिचं बोलणं मी ऐकलं.

"सर, मी त्याला नुसतं 'चूक आहे' म्हणते. तो म्हणतो, आपा, तू ऐकून तरी घेतलंस का? तुम्ही आधी त्याच्या बाजूने बोला ना. वर्गात बोलायचात तसं. मग दुसऱ्या दिवशीचं तो नक्की ऐकेल."

सरांनी स्टँडचा स्क्रू घट्ट केला. मग हो म्हणाले. त्या वर्षी त्यांनी व्याख्यानमालेत लागोपाठ दोन पुष्पं मागून घेतली. विषय होता, 'राजकीय इस्लाम: मुळं आणि वाढ'. वाचनालयाच्या कार्यवाह नंदाताई जरा चपापल्या. विषय तापलेला आहे, असं त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. पण सर आहेत, सांभाळतील, म्हणून त्यांनी मान डोलावली.

पहिल्या पुष्पाला सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत रुकय्या आणि तिच्या शेजारी हाताची घडी घालून मुबीन. सरांनी सुरुवातीला सांगितलं की आज पूर्वपक्ष, उद्या उत्तरपक्ष. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते इजिप्तमधले, धर्माचं राज्य यावं म्हणून संघटना उभारणारे एक तरुण शाळामास्तर झाले. साल एकोणीसशे अठ्ठावीस, गाव सुएझ कालव्यावरचं इस्माइलिया.

मित्रांनो, माझ्यातून इतकी भाषणं गेली, पण तसं भाषण क्वचित गेलं. कालवा माझ्या गावातून जातो, पण तो माझा नाही, असं ते मास्तर सांगत होते. कालव्याच्या साहेबांना बंगले आणि मजुरांना खुराडी. रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा परक्या भाषेत. मग ते मास्तर मागे गेले, तेराशे वर्षं मागे. प्रेषितांनी मदिनेत नुसती नमाज शिकवली नाही, तंटे सोडवले, करार केले, शहर चालवलं. ते गेल्यावर त्यांची जागा कोणी घ्यायची यावर वाद झाला, पुढे करबलात रक्त सांडलं, आणि खलिफांचे हळूहळू राजे झाले. तरीही डोक्यावर खलिफाचं छत्र होतं. मंगोलांनी बगदाद जाळलं तेव्हा ते फाटलं. त्यानंतर दमास्कसच्या एका पंडिताने विचारलं, नावाचा मुसलमान राजा धर्माचा कायदा पाळत नसेल तर त्याला राजा का मानायचं? पुढे अरबस्तानच्या वाळवंटात एक धर्मोपदेशक आणि एक टोळीप्रमुख यांनी हातात हात घातले, एकाचा शब्द आणि दुसऱ्याची तलवार. मग युरोपची जहाजं आली आणि एकेक देश गिळत गेली. खिलाफत वाचवायला तिकडे हिंदुस्थानात, मुंबईतसुद्धा सभा झाल्या. पण खलिफाची गादी तेव्हा तुर्कांकडे होती, आणि एकोणीसशे चोवीस साली त्यांनी स्वतःच ती मोडून टाकली.

"आणि आता मला सांगतात, धर्म घरात ठेवा," सर म्हणाले. ते सर नव्हतेच, ते मास्तर होते. "कोण सांगतो? ज्याने माझं राज्य नेलं, तोच सांगतो धर्म घरात ठेव. चोराने घरमालकाला सांगावं, दाराबाहेर पाऊल टाकू नकोस, तसं. माझा धर्म घरापुरता नाही. माझा धर्म हाच माझा कायदा, तोच माझा बाजार, तेच माझं राज्य."

मुबीनने हाताची घडी सोडली होती आणि तो पुढे वाकून बसला होता. रुकय्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. मुबीन ऐकतोय, एवढंच तिला हवं होतं. शेवटी सर चष्मा लावून म्हणाले की या मास्तरांना उत्तर द्यायला उद्या भेटू. टाळ्या पडल्या. त्या रात्री मी कपाटात नव्हे, स्टँडवरच राहिलो आणि फार खुशीत होतो.

आता पुढे जे झालं त्यात वाईट कोणीच नव्हतं, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगेन. देवेश नावाचा एक उत्साही तरुण वाचनालयाचं फेसबुक पान सांभाळायचा. दुसऱ्या दिवशी आणखी गर्दी व्हावी म्हणून त्याने भाषणातला सगळ्यात जोरदार तुकडा निवडला, खाली लिहिलं, 'उद्या दुसरं पुष्प, अवश्य या,' आणि पानावर टाकला. लग्नाच्या पत्रिकेवर गणपतीचं चित्र छापावं इतक्या भाबडेपणाने त्याने ते केलं. तुकडा होता अर्थातच 'ज्याने माझं राज्य नेलं' हा. सकाळपर्यंत खालची ओळ कुठल्या कुठे गळून पडली आणि तुकडा तेवढा गावभर फिरला.

दुपारी वाचनालयाच्या समितीची माणसं सभागृहातच बसली. टेबलावरचा फोन थांबत नव्हता. कोणी विचारत होतं, हा म्हातारा कोणाचे पैसे खातो. कोणी म्हणत होतं, संध्याकाळी येऊन बघतोच. देवेश रडवेला होऊन एका कोपऱ्यात उभा होता आणि तुकडा कधीच काढून टाकलाय असं प्रत्येकाला सांगत होता. बूंद से गयी वो हौद से नहीं आती, असं भाऊ स्वतःशीच पुटपुटले.

सर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. आज उत्तरपक्ष झाला की सगळं आपोआप मिटेल, असं त्यांचं म्हणणं. नंदाताईंनी मान हलवली.

"सर, व्याख्यान नको. आपण एक निवेदन करू. हे विचार माझे नाहीत, मला ते मान्य नाहीत, कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे, एवढं वाचा आणि संपवू. एक व्याख्यान गेलं तर चालेल. वाचनालयाला कुलूप लागलं तर ते पुन्हा उघडायचं नाही, तुम्हाला माहितीये."

"पण नंदाताई, उत्तराशिवाय नुसतं 'मान्य नाही' म्हणायचं? मग काल मी इतकं कशासाठी बोललो?"

नंदाताईंनी निवेदनाचा कागद सरांपुढे सरकवला. त्या काही दुष्ट नव्हत्या. त्या वाचनालयासाठी त्यांनी आपली उमेदीची वर्षं घातली होती, आणि त्यांना खरोखर भीती वाटत होती. सरांनाही ती दिसत होती. शेवटी ठरलं की आधी निवेदन, मग जमलं तर दोन शब्द.

संध्याकाळी सभागृहात माणसं होती, पण ती ऐकायला आलेली नव्हती, बघायला आलेली होती. मागे भिंतीला टेकून अनोळखी माणसं उभी होती. तिसऱ्या रांगेत मुबीन आणि रुकय्या कालच्याच जागी बसले होते. सरांनी कागद वाचला. हे विचार माझे नाहीत. मला ते मान्य नाहीत. मी दिलगीर आहे. एकेक शब्द माझ्यातून गेला, आणि मित्रांनो, त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. सरांना ते विचार खरंच मान्य नव्हते. पण कागदावरून, थरथरत्या हाताने, खाली मान घालून वाचलेलं ते खरं माझ्या जाळीतून बाहेर पडताना खोटं वाटत होतं. मी काय करणार? मला जसा आवाज मिळतो तसा मी पुढे देतो. मी पाहिलं, मुबीनने हाताची घडी पुन्हा घातली होती.

सरांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आता कालच्या मास्तरांना उत्तर." मागे भिंतीशी चुळबूळ झाली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, बस झालं. नंदाताईंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि बटण फिरवलं.

मी मेलो नाही. माझ्यात शब्द येतच राहिले, बाहेर जायचे मात्र बंद झाले. सर बोलत राहिले. पलीकडे खुर्च्या दुमडल्याचे आवाज, आणि अलीकडे फक्त मला ऐकू येणारं दुसरं पुष्प.

सर म्हणत होते, मास्तर, तुमचं दुःख खरं आहे. कालवा तुमचाच होता. पण तुम्ही ज्याला जुनं म्हणता ते जुनं नाही. सभासद, शाखा, वर्गणी, स्वयंसेवक, वर्तमानपत्र, हे सगळं तुम्ही त्याच साहेबाकडून उचललंत आणि त्यावर तेराशे वर्षांचं नाव घातलंत. तुमच्या जुन्या काळात धर्माचा कायदा राजाच्या हातात नव्हताच, तो पंडितांच्या हातात होता. बगदादच्या एका खलिफाने फर्मान काढलं की धर्माबद्दल मी म्हणतो तसंच माना. तेव्हा एका विद्वानाने तुरुंग पत्करला, पुढच्या खलिफाचे फटके खाल्ले, पण मानलं नाही. तुमचे थोर कोण, मास्तर? तो खलिफा की तो फटके खाणारा?

सर म्हणत होते, खिलाफत मोडली त्याच्या पुढच्याच वर्षी इजिप्तमधल्याच एका काझीने लिहिलं की प्रेषितांनी धर्म दिला, राज्य नव्हे. त्याचा युक्तिवाद ऐकून घेण्याऐवजी त्याची नोकरी घेतली. पुढे लाहोरात तुमच्यासारखाच धर्माचं राज्य मागणारा पक्ष निघाला, त्याच काळात इथल्याच कितीतरी मौलवींनी सांगितलं की वेगळा देश नको. इराणात धर्मगुरूंच्या हाती राज्य आलं आणि तुरुंगात कितीतरी नमाजीच गेले. आणि जिथे तुमची माणसं मतपेटीतून निवडून आली, तिथे लष्कराने त्यांना उलथवलं, म्हणून पोरांना मतपेटीच खोटी वाटू लागली. तोही अन्यायच, आणि तोही मला सांगितला पाहिजे. मग सरांचा आवाज खाली आला. आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा राजाच्या राज्यात झाला, ते म्हणाले. तो राजा कधीच गेला. प्रार्थना राहिली. प्रार्थनेला राजा लागत नाही, हे आमच्या घराला ठाऊक आहे.

एवढं बोलून सरांनी वर पाहिलं. सभागृह जवळजवळ रिकामं झालं होतं. आवाज बंद आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. रुकय्या मुबीनला जवळजवळ ओढतच स्टेजपाशी घेऊन आली होती. सगळं नाही, तरी पुढे उभं राहून त्यांनी शेवटचं थोडंफार ऐकलं असावं.

"सर, कालचं भाषण एक नंबर होतं," मुबीन म्हणाला. तो अदबीने बोलत होता. "माझ्या मनातलं इतकं नीट मला कधी कोणी सांगितलेलं नाही."

"अरे, ते अर्धंच होतं. हे दुसरं अर्धं. तुझ्यासाठीच होतं रे, दोन्ही."

"सर, मी बघत होतो ना. काल तुम्ही बोललात. आज तुमच्याकडून वदवून घेतलं."

"कागद त्यांनी वाचायला लावला. पण नंतरचं माझंच होतं. मुबीन, तू सांग. मी काय केलं, कसं बोललो, तर तुला खरं वाटेल?"

मुबीनने खरंच विचार केला. तो टिंगल करणारा मुलगा नव्हता. सरांच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता नाही वाटणार, सर. आता तुम्ही काहीही बोललात तरी कोण बोलतंय हे मला कळणार नाही."

त्याने वाकून सरांच्या थरथरत्या हाताला हात लावला आणि तो निघून गेला. रुकय्या तिथेच उभी राहिली. सर तिला काहीतरी सांगायला गेले, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी इतका जवळ होतो, तरी मीसुद्धा काही ऐकलं नाही.

त्यानंतर सरांना व्याख्यानाला कोणी बोलावलं नाही. मी पुन्हा कपाटात गेलो. यंदाच्या माळेत 'मधुमेह आणि आहार' आणि 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक' अशी बिनधोक पुष्पं होती. ती बिनतारी माइकवर झाली.

परवा भाऊंनी कपाट झाडायला उघडलं तेव्हा रुकय्या पुस्तक बदलायला आली होती. भाऊंनी मुबीनची चौकशी केली. तिने सांगितलं की त्याने नोकरी सोडली. घरी येतो, जेवतो, तिची काळजीही घेतो. पण तिने काही समजवायला घेतलं की तो ऐकत नाही. तो आता इतर तरुणांसमोर बोलतो, छान बोलतो म्हणे, आणि बोलण्याची सुरुवात एकाच वाक्याने करतो, 'माझ्या आपाचे गिल्बर्ट सर म्हणाले होते, ज्याने माझं राज्य नेलं...' सर आयुष्यभर ज्याला उत्तर देत होते, ते आता त्यांच्याच नावावर चालतं.

भाऊंनी विचारलं, सरांना हे माहीत आहे का? रुकय्या म्हणाली, मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्या असं सांगायची रीत आहे. माझी नाही घेतलीत तरी चालेल. मला धूळ बसली तर भाऊ पुसतील, तार तुटली तर कोणीतरी जोडेल. पण कोणाचं बोलणं अर्धं ऐकलंत तर ते उचलून पळू नका. उरलेलं ऐकायला दुसऱ्या दिवशी जा. आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोणी बटण बंद करत असेल, तर उठून त्याचा हात धरा. मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.